विरोधकाची भूमिका कोण करणार?

अमेरिकेतील अध्यक्षपदाच्या उमेदवारांचे जाहीर वादविवाद आपल्यापैकी अनेकजण कुवेतमध्ये पहाटे चार वाजता उठून दूरचित्रवाणीवर पाहतात. कोण प्रभावी बोलला, कोण अडखळला, याची चर्चा मग दिवसभर कार्यालयांतून चालते. परंतु त्या व्यासपीठावर खरे उमेदवार येण्यापूर्वी तेथे दुसरेच कोणी उभे राहून गेलेले असते, ही गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. १९८८ पासून २०२० पर्यंत हे वादविवाद एका स्वतंत्र आयोगाच्या वतीने भरविले गेले आणि त्यांतील बहुतेक कोणत्या ना कोणत्या विद्यापीठाच्या आवारात झाले. दिव्यांचा झोत कोठे पडतो, मायक्रोफोन किती उंचीवर हवा, कॅमेऱ्याच्या कोनातून चेहरा कसा दिसतो, हे सर्व आधी तपासावे लागते. त्यासाठी उमेदवाराच्या जागी एखादा माणूस उभा करावा लागतो आणि हे काम तेथील विद्यार्थी स्वेच्छेने पत्करतात. न्यूयॉर्कजवळच्या हॉफस्ट्रा विद्यापीठात २००८, २०१२ आणि २०१६ अशा लागोपाठ तीन निवडणुकांत वादविवाद झाले. तेथील विद्यार्थ्यांनीही ही कामगिरी केली आहे. ज्याला आपण कधीही मत देणार नाही, अशा माणसाच्या जागी उभे राहण्याची पाळीही त्यात एखाद्यावर येते.

हे काम क्षुल्लक वाटेल, पण ते तसे नाही. २६ सप्टेंबर १९६० रोजी शिकागो येथे जॉन केनेडी आणि रिचर्ड निक्सन यांच्यात दूरचित्रवाणीवरील पहिला वाद झाला. गुडघ्याला जंतुसंसर्ग झाल्यामुळे निक्सन त्याआधी जवळजवळ दोन आठवडे रुग्णालयात होते. त्यांचे वजन उतरले होते आणि चेहरा ओढलेला होता. त्यातच करड्या पार्श्वभूमीवर करड्या रंगाचा सूट! डॉक्टरच्या नजरेला ती चित्रफीत आजही एखाद्या बऱ्या होत असलेल्या रुग्णाची वाटते. मुद्दे दोघांचेही तोलामोलाचे होते. तथापि लोकांच्या स्मरणात राहिला तो निक्सन यांचा थकलेला चेहरा.

याहून महत्त्वाची अशी आणखी एक पूर्वतयारी असते आणि प्रस्तुत लेखाचा खरा विषय तीच आहे. उमेदवार बंद खोलीत सराव करतात, तेव्हा प्रतिस्पर्ध्याची भूमिका करण्यासाठी आपल्याच पक्षातील एखादा जाणता माणूस नेमतात. १९८० मध्ये रोनाल्ड रेगन यांच्या सरावात डेव्हिड स्टॉकमन या तरुण लोकप्रतिनिधीने आधी जॉन अँडरसन यांची आणि नंतर अध्यक्ष कार्टर यांची भूमिका केली. स्टॉकमन यांनी पूर्वी अँडरसन यांच्याच हाताखाली काम केले होते, त्यामुळे त्यांचे युक्तिवाद त्यांना आतून ठाऊक होते. पुढे रेगन यांनी त्यांना अर्थसंकल्प विभागाचे प्रमुख केले. २०१२ मध्ये बराक ओबामांसमोर मिट रॉम्नी म्हणून जॉन केरी उभे राहिले. २०१६ मध्ये हिलरी क्लिंटन यांच्या एका सहकाऱ्याने डोनाल्ड ट्रम्प यांची भूमिका वठविण्यासाठी उंची वाढविणारे बूट घातले आणि तसेच घड्याळही मनगटावर बांधले. या लोकांची निष्ठा आपल्या नेत्यावर असते. तरीही त्या खोलीत नेत्याला जास्तीत जास्त अडचणीत आणणे, हेच त्यांचे कर्तव्य असते. जो सौम्यपणे विरोध करतो, तो आपल्याच नेत्याचे नुकसान करतो.

आमच्या वैद्यकीय शिक्षणातही ही पद्धत आहे. १९६३ मध्ये हॉवर्ड बॅरोज या मज्जाविकारतज्ज्ञांनी कॅलिफोर्नियात निरोगी माणसाला रुग्णाची भूमिका शिकवून विद्यार्थ्यांसमोर बसविले. १९७५ मध्ये स्कॉटलंडमधील डंडी येथे रोनाल्ड हार्डन यांनी नव्या धर्तीची प्रात्यक्षिक परीक्षा मांडली. तेव्हापासून अशा ‘नकली’ रुग्णांना परीक्षेत मोठे स्थान मिळाले. तो रुग्ण मुद्दाम अर्धवट माहिती देतो, चिडतो, रडतो, डॉक्टरचे म्हणणे मानीत नाही. विद्यार्थ्याची चूक तेथे झाली तर कोणाचा जीव जात नाही. खऱ्या रुग्णासमोर तो प्रथमच उभा राहतो, तेव्हा निदान तो प्रसंग त्याला अनोळखी नसतो.

आता आपल्याकडे वळू. अब्बासिया असो, साल्मिया असो वा मंगाफ, शुक्रवारची सुट्टी पाहून आपण जयंती साजरी करतो. त्रिशरण-पंचशील होते, भीमगीते होतात, भोजनदान होते आणि मुलांची भाषणे होतात. मुलांच्या भाषणांविषयी थोडे स्पष्ट लिहितो. भाषण बहुधा आईने लिहिलेले असते. ज्या मुलांना देवनागरी वाचता येत नाही, त्यांच्यासाठी ते इंग्रजी अक्षरांत उतरवून दिलेले असते. प्रत्येक भाषण १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे सुरू होते. सातवे मूल व्यासपीठावर येईपर्यंत बाबासाहेबांचा सात वेळा जन्म झालेला असतो. टाळ्या वाजतात, बक्षिसे दिली जातात, छायाचित्रे गावी पाठविली जातात. या कौतुकात गैर काहीच नाही. परक्या भूमीवर लेकरू मराठीतून ‘जयभीम’ म्हणते, याचा आनंद मलाही होतो. परंतु या भाषणांतून मुलाला एकाही प्रश्नाचे उत्तर द्यावे लागत नाही, कारण समोर विचारणारा कोणी नसतो.

तो विचारणारा पुढे भेटतोच. अठराव्या वर्षी आपली मुले पुण्याला, मणिपालला, टोरोंटोला किंवा मँचेस्टरला जातात. आमच्या परिचयातील एका कुटुंबातील मुलगा असाच भारतात अभियांत्रिकीला गेला. वसतिगृहातील पहिल्याच महिन्यात चार मित्रांनी गप्पांच्या ओघात त्याला विचारले, “बाबासाहेबांनी स्वतःच आरक्षण फक्त दहा वर्षांसाठी ठेवले होते, मग अजून कसे चालू?” मुलगा हुशार होता आणि जयंतीच्या स्पर्धेत तीन वेळा पहिला आला होता. पण त्याला उत्तर देता आले नाही. त्याने तो विषय टाळला, मग ते मित्र टाळले आणि पुढे आपले आडनाव सांगण्याचेही तो टाळू लागला. त्याच्या वडिलांनी ही हकीकत मला सांगितली, तेव्हा त्यांच्या आवाजात संतापापेक्षा आश्चर्य अधिक होते. घरी भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर, कपाटात खंडांमागून खंड, आणि मुलाला एक उत्तर येऊ नये?

उत्तर तर साधे होते. घटनेतील ३३४ व्या अनुच्छेदातील दहा वर्षांची मुदत लोकसभा आणि विधानसभा यांतील राखीव जागांपुरती होती. शिक्षण आणि नोकऱ्या यांतील आरक्षणाला अशी मुदत घातलेलीच नव्हती. ते १५(४) आणि १६(४) या कलमांखाली येते. त्यांपैकी १५(४) तर १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीने घातले गेले. कायदेमंडळातील राखीव जागांची मुदत वेळोवेळी वाढत गेली आणि २०१९ च्या १०४ व्या घटनादुरुस्तीने ती जानेवारी २०३० पर्यंत नेली. एवढे सांगायला एक मिनिट लागते. पण ते मिनिट साधण्यासाठी तो प्रश्न आधी घरात, आपल्याच माणसाच्या तोंडून, पुरेशा धारदारपणे विचारला गेलेला असावा लागतो.

आपल्या स्थितीत याची गरज अधिक आहे, याचेही कारण आहे. यजमान देशाच्या राजकारणात आपण पाहुणे आहोत आणि पाहुण्याने पाहुण्यासारखे राहणे योग्यच. भारतातील मतदानाचे म्हणाल, तर २०१० च्या दुरुस्तीने अनिवासी नागरिकाला मतदार म्हणून नाव नोंदविता येते. मात्र मत देण्यासाठी त्याला स्वतः आपल्या गावच्या केंद्रावर हजर राहावे लागते. विमानाचे तिकीट काढून मत द्यायला जाणारे आपल्यात किती, ते आपण जाणतोच. म्हणजे आपली मुले अशा घरांत वाढतात, जेथे ना प्रचारफेरी दारावर येते, ना वस्तीत सभा होते, ना चावडीवर वाद रंगतात. आपल्या पिढीने वाद घालणे चाळीत, विहारात आणि मोर्चात शिकून घेतले. यांना ते कोठे मिळणार? कुवेती समाजात दिवाणियाची परंपरा आहे. संध्याकाळी बसून सार्वजनिक प्रश्नांवर बोलायचे, वडीलधाऱ्यांसमोर तरुणांनी ऐकायचे आणि हळूहळू बोलायला लागायचे. आपण मात्र बंद दाराआड दूरचित्रवाणी मालिका पाहतो.

परमपूज्य बाबासाहेबांनी या शिक्षणाची सोय केली होती, याचा आपल्याला विसर पडला आहे. १९४५ मध्ये त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली आणि १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले. आपल्यापैकी अनेकांच्या वडिलांनी वा काकांनी तेथे सकाळच्या वर्गांना बसून, मग नोकरीवर जाऊन पदवी मिळविली. त्या महाविद्यालयात विद्यार्थ्यांची संसद भरत असे. ११ जानेवारी १९५० रोजी बाबासाहेब त्या संसदेपुढे हिंदू कोड बिलावर बोलले. हे विधेयक जहाल किंवा क्रांतिकारक म्हणणे चुकीचे आहे, असे त्यांनी तेथे प्रतिपादन केले. तारीख लक्षात घ्या. घटना अंमलात यायला पंधरा दिवस उरले होते, देशाचा कायदामंत्री कामाच्या डोंगराखाली होता, आणि तरीही विद्यार्थ्यांच्या लुटुपुटूच्या संसदेत जाऊन त्याने खऱ्या संसदेतले विधेयक मांडले. खऱ्या संसदेत त्या विधेयकाचे काय झाले, ते सर्वविदित आहे. २७ सप्टेंबर १९५१ रोजी त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला.

विद्यार्थी-संसदेचा नियमच असा की कोणाला तरी विरोधी बाकावर बसावे लागते. भारत सरकारच्या संसदीय कामकाज मंत्रालयाने १९६६ पासून दिल्लीतील शाळांत युवा संसदेच्या स्पर्धा सुरू केल्या आणि पुढे त्या केंद्रीय व नवोदय विद्यालयांतही गेल्या. त्यांतही हाच नियम आहे. कुवेतमधील भारतीय शाळांतून संयुक्त राष्ट्रसंघाच्या नमुना-सभा होतात. आपली मुले त्यांत फ्रान्सचे वा ब्राझीलचे प्रतिनिधी होतात आणि पालक हौसेने कोट शिवून देतात. फ्रान्सची बाजू घेतल्याने मूल फ्रेंच होत नाही, हे आपल्याला समजते. पण तेच मूल आरक्षणविरोधी बाजू घेऊन उभे राहणार म्हटले की आपल्या छातीत धस्स होते.

असा प्रसंग नुकताच घडला. आपल्यातील एका मुलीला शाळेच्या वादस्पर्धेत चिठ्ठीने आरक्षणाच्या विरोधातील बाजू आली. आईवडील अस्वस्थ झाले आणि मुलीचे नाव मागे घ्यावे, असे ठरू लागले. माझा सल्ला विचारला गेला, तेव्हा मी म्हणालो, “ताई, तिला बोलू द्या. मात्र तयारी तुम्ही दोघांनी मिळून करून घ्या.” याची कारणे सविस्तर मांडणे मला आवश्यक वाटते, कारण त्या घरात जो प्रश्न उठला तो उद्या कोणाच्याही घरात उठेल.

बाबासाहेबांची ग्रंथरचना पाहा. १९४० मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाकिस्तानविषयक ग्रंथाचा पहिला भाग म्हणजे पाकिस्तानच्या मागणीची मुस्लिम बाजू, आणि दुसरा भाग म्हणजे त्या मागणीविरुद्धची हिंदू बाजू. दोन्ही बाजू त्यांनी एवढ्या ताकदीने मांडल्या की त्या त्या पक्षाच्या पुढाऱ्यालाही आपली बाजू इतकी नेटकी मांडता आली नसती. स्वतःचे विवेचन आले ते त्यानंतर. ‘जातिनिर्मूलना’चे भाषण १९३६ मध्ये लाहोरला होऊ शकले नाही, म्हणून त्यांनी ते पुस्तकरूपाने छापले. गांधीजींनी ‘हरिजन’मधून त्यावर टीका केली. १९३७ च्या दुसऱ्या आवृत्तीत बाबासाहेबांनी ती टीका आपल्याच पुस्तकात समाविष्ट केली आणि तिला उत्तर दिले. प्रतिपक्षाचे म्हणणे वाचण्यासाठी वाचकाला दुसरीकडे जावे लागू नये, एवढी त्यांची सचोटी होती. २५ नोव्हेंबर १९४९ च्या घटनासमितीतील भाषणात त्यांनी कामत, पंजाबराव देशमुख, सिधवा, सक्सेना, ठाकूरदास भार्गव, के. टी. शहा आणि हृदयनाथ कुंझरू अशा विरोध करणाऱ्या सदस्यांची नावे घेऊन त्यांचे ऋण मान्य केले. हे सभासद आडवे आले नसते तर घटनेतील तत्त्वे उलगडून सांगण्याची संधी आपल्याला मिळाली नसती, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. त्याच भाषणात त्यांनी बौद्ध भिक्षुसंघांच्या कामकाजाचे, ठराव, गणसंख्या आणि मतमोजणीच्या नियमांचे स्मरण करून दिले होते.

आपल्या चळवळीत विरोधकाचे सोंग घेण्याची प्रथा नव्हती असेही नाही. सत्यशोधक आणि आंबेडकरी जलशांत सनातनी मत मांडणारे पात्र असे, आणि ते आपल्याच वस्तीतला एखादा कलावंत रंगवीत असे. भीमराव कर्डकांसारख्या जलसाकारांनी गावोगाव जागृती केली, ती अशाच संवादांतून. त्यांचे ऋण मोठे आहे. तरीही एक फरक नोंदवितो. जलशातले ते पात्र हरण्यासाठीच उभे असे आणि लोक त्याला हसत. अशिक्षित श्रोत्यांत धीर निर्माण करण्यासाठी ते हवेच होते. वसतिगृहात भेटणारा मित्र मात्र हास्यास्पद नसतो. तो सुशिक्षित असतो, कधी कधी सज्जनही असतो, आणि त्याच्याजवळ आकडे असतात. त्याची तयारी करायची तर विरोधकाचे विडंबन चालणार नाही. त्याचे म्हणणे त्याच्याच शब्दांत, त्याला मान्य होईल असे मांडावे लागेल.

याविषयी विनयपिटकात एक सुंदर नियम आहे. आजारी भिक्षूला संघाच्या सभेला येता आले नाही, तर त्याने आपली संमती, म्हणजे ‘छंद’, दुसऱ्या भिक्षूकरवी पाठवावी. तेही जमले नाही तर त्याला खाटेवर उचलून आणावे. हलविल्याने आजार बळावेल असे वाटले, तर संघानेच त्याच्याजवळ जावे. (रुग्णाला हलवावे की नाही याचा असा विचार करणारा नियम वाचून डॉक्टर म्हणून माझे मन भरून येते.) संमती नेणारा भिक्षू सभेत पोहोचूनही ती जाणूनबुजून सांगत नाही, तर त्याच्याकडून दुक्कट नावाचा दोष घडतो. दुसऱ्याच्या जागी उभे राहणाऱ्यावर एवढी जबाबदारी! आपल्या मुलीने विरोधकाच्या जागी उभे राहताना हाच नियम पाळावा, असे मला वाटते.

मुलीच्या वडिलांचा खरा आक्षेप निराळाच होता. ते म्हणाले, “डॉक्टरसाहेब, विरोधी बाजूचा अभ्यास करता करता तिलाच ती पटली तर?” हा आक्षेप हसून टाळण्यासारखा नाही. मज्झिमनिकायातील अभयराजकुमार सुत्त या संदर्भात अवश्य वाचावे. निगंठ नातपुत्तांनी अभय नावाच्या राजपुत्राला तथागतांशी वाद करण्यासाठी तयार करून पाठविले. आजच्या भाषेत ही वादाची पूर्वतयारीच होती. “दुसऱ्यांना अप्रिय वाटेल असे आपण बोलता काय, असे विचार. हो म्हणाले तर असे म्हण, नाही म्हणाले तर तसे म्हण.” हा दोन शिंगांचा प्रश्न होता, इकडे आड तिकडे विहीर. तथागतांनी उत्तर दिले की याला एकांगी उत्तर देता येत नाही. राजपुत्राच्या मांडीवर तान्हे मूल होते. त्याने तोंडात काडी किंवा खडा घातला तर तू काय करशील, असे त्यांनी विचारले. रक्त आले तरी मी तो काढीन, कारण मुलाविषयी मला करुणा आहे, असे राजपुत्र म्हणाला. (घशात न दिसणाऱ्या वस्तूसाठी आंधळेपणाने बोट घालू नका, असे आम्ही आज सांगतो, तो भाग वेगळा.) अप्रिय पण हितकारक बोलण्याचा अर्थ त्याला तेथेच कळला. मग त्याने स्वतःच्या मनातला प्रश्न विचारला: पंडित प्रश्न घेऊन येतात, त्यांची उत्तरे आपण आधी ठरवून ठेवता की जागच्या जागी सुचतात? तथागतांनी त्याला रथाची उपमा दिली. रथाचे भाग ज्याला पूर्ण ठाऊक आहेत, त्याला कोणत्या भागाचे नाव काय हे आधी पाठ करावे लागत नाही.

ज्याला दुसऱ्याची बाजू मांडायला पाठविले होते, त्याचेच मत बदलले आणि तो उपासक होऊन परतला. म्हणजे मुलीच्या वडिलांची भीती निराधार नाही. असे घडू शकते. परंतु आपण स्वतः कोण आहोत? १९५६ मध्ये दीक्षाभूमीवर ज्यांनी बावीस प्रतिज्ञा घेतल्या, त्यांची आपण मुले-नातवंडे आहोत. विचार करून मत बदलणे हा आपल्या घराण्यांच्या इतिहासातील सर्वांत मोठा दिवस आहे. आपल्या मुलांना तो हक्क नाकारून आपण त्यांना काय देणार? आठ दिवसांच्या वाचनाने मुलीचा विश्वास डळमळीत झाला, तर तिला आपण आजवर काय शिकविले हे पाहण्याची वेळ आली असे मी समजेन आणि तिच्याशी बसून बोलेन.

मर्यादाही आहेत, आणि त्या मी त्या कुटुंबालाही सांगितल्या. आरक्षणाची मुदत, पन्नास टक्क्यांची मर्यादा, १९९२ चा इंद्रा साहनी निकाल, आर्थिक निकष या सर्वांवर विरोधी बाजू आहे आणि ती मांडता येते. पण जातीमुळे माणूस हीन ठरतो, हे मत मांडण्याची भूमिका मी कोणत्याही मुलाला देणार नाही. त्याला दुसरी बाजू नाही. एखाद्या शिक्षकाने तसा विषय दिला तर मुलीला घरी ठेवावे आणि शाळेला पत्र लिहावे. तसेच वर्गात एकटीच बौद्ध मुलगी असताना आणि बाकीचे हसत असताना तिच्यावर ही भूमिका लादणे क्रौर्य होईल. सराव आपल्या माणसांत व्हावा, तो याचसाठी. वाद केवळ जिंकण्यासाठी घालणाऱ्यांविषयी सुत्तनिपातातील पसूर सुत्तात तथागतांनी दिलेला इशाराही मुलांना वाचून दाखवावा. जिंकला तर फुगतो, हरला तर खचतो, असा वादपटू आपल्याला घडवायचा नाही.

आणखी एक गोष्ट लिहितो, जी काही वाचकांना रुचणार नाही. आपल्याला सर्वांत अवघड जाईल ती सवर्ण विरोधकाची भूमिका नव्हे. १ ऑगस्ट २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांच्या पीठाने सहा विरुद्ध एक अशा बहुमताने अनुसूचित जातींचे उपवर्गीकरण करण्यास राज्यांना मुभा आहे असा निर्णय दिला. महाराष्ट्रात मातंग समाजातून ही मागणी दीर्घकाळ होत आली आहे. आपल्या समाजात या निर्णयाविरुद्ध तीव्र भावना आहे आणि तिच्यामागे गंभीर युक्तिवादही आहेत. पण आपल्या किती बैठकांत मातंग बांधवाचे म्हणणे त्याच्या बाजूने, पूर्ण ताकदीने मांडले गेले? माझ्या आठवणीत एकाही नाही. आपण आपसांत बोलतो, आपसांत टाळ्या वाजवितो आणि आपसांत निषेधाचा ठराव संमत करतो. ज्याच्याशी आपले रक्ताचे आणि दुःखाचे नाते आहे, त्याच्या जागी पाच मिनिटेही उभे राहण्याची तयारी नसेल, तर केनेडी-निक्सनच्या गोष्टी सांगून काय उपयोग? माझे स्वतःचे मत अजून पक्के झालेले नाही. म्हणूनच ती बाजू कोणीतरी नीट मांडलेली मला ऐकायची आहे.

आता सूचना. येत्या जयंतीला मुलांच्या भाषणांचा वेळ निम्मा करावा आणि उरलेल्या वेळात एक वाद ठेवावा. पहिल्या वर्षीचा विषय पुणे करार असावा, कारण त्याची कागदपत्रे आपल्या घरांतच आहेत. गांधीजींचे ११ मार्च १९३२ चे सर सॅम्युअल होर यांना लिहिलेले पत्र आणि १८ ऑगस्टचे पंतप्रधान मॅक्डोनाल्ड यांना लिहिलेले पत्र बाबासाहेबांच्या काँग्रेस आणि गांधीजींवरील १९४५ च्या ग्रंथात छापलेले आहे. म्हणजे गांधीजींची भूमिका करणाऱ्या मुलाला अभ्यासासाठी बाबासाहेबांचेच पुस्तक उघडावे लागेल! स्वतंत्र मतदारसंघ जाऊन १४८ राखीव जागा कशा आल्या, चार उमेदवारांच्या प्राथमिक निवडणुकीची तरतूद काय होती, हे दोन्ही बाजूंच्या मुलांना ठाऊक हवे. भूमिका चिठ्ठ्या टाकून द्याव्यात. भाषणे आईवडिलांनी लिहून देऊ नयेत. प्रत्येक मुलाने आपले बोलण्यापूर्वी आधीच्या वक्त्याचे म्हणणे दोन वाक्यांत सांगावे आणि त्या वक्त्याने “बरोबर” म्हटल्यावरच पुढे जावे. मराठी अडली तर हिंदी वा इंग्रजी शब्द वापरू द्यावा, भाषा हळूहळू येईल. घंटा वाजविण्यासाठी एखाद्या भगिनीला बसवावे. आपल्या सभांत बंधूंना घंटा ऐकू येत नाही, असा अनुभव आहे.

तयारीला चार-पाच शुक्रवार लागतील. त्यांत रमजान येत असेल तर इफ्तारनंतर तासभर बसता येईल, रस्तेही तेव्हा मोकळे असतात. गांधीजींची चिठ्ठी निघाल्यावर एखादे मूल रडवेले झाले, तर त्याला बदलून घ्यावे, सक्ती नको. दुसरे कोणीच पुढे आले नाही तर पहिल्या वर्षी ती भूमिका मी करीन आणि आपल्या मुलांनी मला न अडखळता उत्तर द्यावे. त्या मुलीची स्पर्धा पुढील महिन्यात आहे. तिने यादी करून आणलेल्या अकरा मुद्द्यांपैकी चार मुद्दे मी यापूर्वी कधी ऐकले नव्हते आणि त्यांतील दोहोंचे उत्तर मी अजून शोधतो आहे.